उस्ताद आणि लायसन्स

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

१९ मे २०२४ची पहाट. पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका भरधाव मोटारीनं दुचाकीवरून चाललेल्या एका तरुणाला आणि तरुणीला उडवलं. दोघंही चोवीस वर्षांची, दोघंही संगणक अभियंते, दोघंही मध्य प्रदेशातली. दोघांचाही जीव गेला. मोटार चालवल्याचा आरोप ज्या मुलावर होता, तो सतरा वर्षांचा. काही तासांतच बाल न्याय मंडळानं त्याला जामीन दिला आणि ज्या अटी घातल्या, त्यांतली एक अट अशी होती, की त्यानं रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा. देशभर संताप उसळला आणि तीन दिवसांत तो आदेश बदलला गेला.

त्या निबंधाची तेव्हा फार चेष्टा झाली. मीही केली. आम्ही कवी मंडळी शब्द मोजून लिहिणारी. दोन जिवांची किंमत तीनशे शब्द हा हिशेब कुणालाही पटण्यासारखा नव्हता. पण पुढे काही दिवस एक विचार माझ्या मनातून जाईना. हा निबंध खरं तर आपण मोठ्यांनी लिहायला हवा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली कुणी दिली, कधी दिली, आणि देताना काय शिकवून दिली, हे मोठ्यांनाच सांगता येईल. मलाही सांगायचं आहे. पण तीनशे शब्दांत ते मावणार नाही, म्हणून हे भाषण.

सुरुवात घरापासून करतो. माझे अब्बा ट्रक ड्रायव्हर. आम्ही कराडचे. अब्बा पंधरा वर्षांचे असताना, १९५८ साली, एका उस्तादाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागले. तेव्हा कोयना धरणाचं काम चालू होतं. कराडहून कोयनानगरला सिमेंटच्या गाड्या जायच्या, आणि पुढे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला. अब्बांच्या हाती स्टिअरिंग यायला किती दिवस लागले असतील? पहिलं वर्ष त्यांनी नुसती गाडी धुतली. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, ग्रीस भरलं, टॉमीनं टायरवर ठोके मारून आवाजावरून हवा ओळखायला शिकले. घाटात गाडी थांबली, की उडी मारून चाकाखाली दगड लावायचा, हे त्यांचं काम. दुसऱ्या वर्षी उस्तादानं त्यांना केबिनमध्ये डाव्या बाजूला बसवलं आणि सांगितलं, "समोर काय दिसतंय ते मोठ्यानं बोलत राहा." बैलगाडी दिसतेय, पोरगं रस्ता ओलांडतंय, कुत्रं उजवीकडं आहे. चुकलं किंवा उशीर झाला की टपली बसायची.

तिसऱ्या वर्षी अड्ड्याच्या मोकळ्या जागेत रिकामा ट्रक मागे-पुढे करायला मिळाला. मग पहाटेच्या वेळी, सरळ रस्त्यावर, रिकामी गाडी आणि शेजारी उस्ताद. मग माल भरलेली गाडी. मग घाट चढणं. त्यानंतर कितीतरी महिन्यांनी घाट उतरणं, कारण गाडी चढवणं इंजिनाचं काम आणि उतरवणं माणसाचं, असं उस्ताद म्हणायचा. "ज्या गिअरमध्ये घाट चढतोस, त्याच गिअरमध्ये उतर", हा त्याचा मंत्र. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांचे ट्रक दरीत पाहिले होते त्यानं. आणि सगळ्यांत शेवटी रात्र. रात्री चालवायला देताना तो म्हणाला, "उसाच्या दिवसांत गाडीचा दिवा शोधू नकोस. बैलगाडीला दिवा नसतो. अंधारात जिथं अंधार जास्त काळा दिसेल, तिथं गाडी आहे असं समज."

वयाची वीस वर्षं भरल्यावर अब्बांना सरकारी लायसन्स मिळालं. पण ते त्याला लायसन्स मानत नसत. एका रात्री कोयनानगरहून परतताना उस्ताद म्हणाला, "आता तू चालव, मी झोपतो." आणि खरंच झोपला. "तेच माझं लायसन," अब्बा म्हणायचे.

या पद्धतीचं मी उगाच गुणगान करणार नाही. तिच्यात मार होता, फुकट राबवून घेणं होतं आणि कायदा मोडणंही होतं. सगळेच उस्ताद चांगले नव्हते. दारू पिऊन मागं पडायचं आणि सोळा वर्षांच्या किन्नरच्या हाती भरलेली गाडी द्यायची, असे उस्तादही त्याच अड्ड्यावर होते. पण चांगल्या उस्तादाला एक गोष्ट ठाऊक होती. गाडी चालवता येणं आणि रस्ता वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आठ-पंधरा दिवसांत येते. दुसरीला वर्षं लागतात. हीच गोष्ट शोधून काढायला जगातल्या शहाण्यासुरत्या देशांना शंभर वर्षं लागली. तो इतिहास मोठा रंजक आहे.

मोटारीचा पहिला लांबचा प्रवास झाला तोच मुळी दोन अल्पवयीन मुलांच्या साथीनं. १८८८च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझ यांची पत्नी बर्था नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. सोबत पंधरा वर्षांचा ऑयगन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड ही तिची मुलं. चढावर ती गाडी ढकलायची. त्या वेळी ना लायसन्स होतं, ना रस्त्यावर दुसरी मोटार. धडकणार कशाला?

मोटारी वाढल्या तशा सरकारांना जाग आली. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये चालकांसाठी परवाना आणला. प्रशियानं १९०३ मध्ये परीक्षा सुरू केली. ब्रिटननं मात्र त्याच वर्षी जो कायदा केला, त्यात पाच शिलिंग भरले की लायसन्स मिळायचं, परीक्षा नाही. मोटारीला वयाची अट सतरा, मोटारसायकलीला चौदा. तीस वर्षं हे असंच चाललं. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. तेव्हा त्या देशात सगळी मिळून पंचवीस लाखांच्या आतच वाहनं होती. मग कुठं सरकार हललं आणि १ जून १९३५ पासून नव्या चालकांना चाचणी सक्तीची झाली. अमेरिकेत तर प्रत्येक राज्याचा कारभार निराळा. साउथ डाकोटा हे राज्य १९५९ पर्यंत चाचणीशिवाय लायसन्स देत होतं.

पण अमेरिकेनंच एक वेगळी गोष्ट केली. गाडी चालवणं शाळेत नेलं. पेनसिल्व्हेनिया राज्यात स्टेट कॉलेज नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठात एमॉस नायहार्ट नावाचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. १९३४च्या सुमारास त्यांनी गावातल्या हायस्कूलच्या मुलांना स्वतःच्या गाडीतून, शाळेच्या वेळेबाहेर, गाडी चालवायला शिकवायला सुरुवात केली. ग्रॅहम-पेज कंपनीची १९२९ सालची ती गाडी. अमेरिकेतल्या हायस्कुलांमधल्या चालक शिक्षणाची सुरुवात इथून झाली, असं मानलं जातं. विचार साधा होता. मुलं गणित शाळेत शिकतात, विज्ञान शिकतात. मग जी गोष्ट त्यांचा जीव घेऊ शकते, ती गल्लीत मित्राकडून का शिकावी?

विचार लोकांना पटला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या हजारो शाळांमध्ये हा विषय आला. वर्गात तास, मग शिक्षकासोबत गाडीत तास. १९६६ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं महामार्ग सुरक्षा कायदा केला आणि राज्यांनी चालक शिक्षण चालवावं असा आग्रह धरला. तिथं कित्येक राज्यांत सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं. त्यामुळे अकरावीचं वर्ष आणि लायसन्स हे समीकरणच होऊन बसलं. गाडी शिकलेला मुलगा न शिकलेल्यापेक्षा सुरक्षित असणार, यात कुणाला शंका नव्हती. मलाही नसती.

मग कुणीतरी मोजायचं ठरवलं. जॉर्जिया राज्यात डिकाब नावाचा एक जिल्हा आहे. तिथं १९७७ ते १९८१ या काळात एक मोठा प्रयोग झाला. सोळा हजारांहून अधिक हायस्कूल विद्यार्थी निवडले गेले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले गेले. पहिल्या गटाला त्या काळातला उत्तमातला उत्तम अभ्यासक्रम दिला, सुमारे सत्तर तासांचा. वर्गातले तास, यंत्रावरचा सराव, बंद मैदानावरचा सराव, अचानक आलेलं संकट चुकवण्याचा सराव, सगळं त्यात होतं. दुसऱ्या गटाला लायसन्सपुरतं जुजबी शिक्षण. तिसऱ्या गटाला शाळेत काहीच नाही. त्यांनी घरी, आईबापांकडून शिकायचं.

निकाल आला तेव्हा तज्ज्ञांची तोंडं उतरली. उत्तम अभ्यासक्रम शिकलेल्या मुलांचे अपघात पहिल्या सहा महिन्यांत थोडे कमी दिसले. पुढे तो फरक पुसला गेला. नंतरच्या अभ्यासकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा याहून कडू गोष्ट समोर आली. शाळेत शिकलेल्या मुलांनी लायसन्स लवकर काढलं, लवकर काढलं म्हणून ती जास्त चालवायला लागली, आणि एकूण हिशेबात त्यांचे अपघात वाढलेच. कनेक्टिकट राज्यात याच्या उलट घडलं. काही गावांनी पैशाअभावी शाळांमधला हा विषय बंद केला, तेव्हा तिथं सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची लायसन्सं कमी झाली आणि त्यांचे गंभीर अपघातही कमी झाले.

हे ऐकून, शिकवणं वाया गेलं असं म्हणायचं का? माझं मत तसं नाही. नीट पाहिलं तर त्या सत्तर तासांमध्ये खऱ्या रहदारीतले तास जेमतेम तीन-साडेतीन होते. बाकीचं सगळं वर्गात, यंत्रावर आणि मैदानात. म्हणजे अब्बांच्या उस्तादानं जे चार वर्षांत रस्त्यावर दिलं, ते इथं तीन तासांत उरकलं होतं. आणि प्रमाणपत्र मिळताच सोळा वर्षांच्या मुलाला सगळं मोकळं. मध्यरात्र मोकळी, महामार्ग मोकळा, गाडीत मित्र कोंबून न्यायलाही मोकळीक.

नॉर्वेचा अनुभव याहून बोलका आहे. तिथं बर्फाळ रस्त्यावर गाडी घसरली तर कशी सावरायची, याचं खास शिक्षण नव्या चालकांना दिलं गेलं. नंतर दिसलं, की ते शिकलेल्या तरुण मुलांचे घसरण्याचे अपघात उलट वाढले. आपल्याला सावरता येतं, या भरवशावर पोरं वेगानं जाऊ लागली. कसब आलं, पण भीती गेली.

उत्तर वेगळ्याच दिशेनं आलं. पॅट्रिशिया वॉलर या मानसशास्त्रज्ञ बाई अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महामार्ग सुरक्षा केंद्रात काम करत. त्यांनी १९७०च्या दशकात असा विचार मांडला, की नव्या चालकाला सगळा रस्ता एकदम देऊ नका, पायरीपायरीनं द्या. ज्या गोष्टींनी नवे चालक मरतात, त्या शेवटी द्या. हा विचार त्यांच्या देशात नाही, तर न्यूझीलंडमध्ये आधी अंमलात आला. १ ऑगस्ट १९८७ पासून तिथं लायसन्सच्या तीन पायऱ्या झाल्या. पहिली, शिकाऊ, शेजारी अनुभवी चालक हवाच. दुसरी, मर्यादित, एकट्यानं चालवा, पण रात्री दहा ते पहाटे पाच नाही, आणि शेजारी अनुभवी माणूस नसेल तर गाडीत दुसरं कुणी नाही. तिसरी, पूर्ण. तिथं वयाची अट फार कोवळी होती, पंधरा वर्षं. ती २०११ मध्ये सोळा झाली. पण या पायऱ्यांमुळे कुमारवयीन मुलांचं अपघातात जखमी होणं घटलं.

कॅनडातल्या ओंटारिओनं १९९४ मध्ये आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडानं १९९६ मध्ये हीच वाट धरली. १९९७ मध्ये मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायना आले. २००१ मध्ये या दोन राज्यांचे अभ्यास प्रसिद्ध झाले. सोळा वर्षांच्या चालकांच्या अपघातांचं प्रमाण मिशिगनमध्ये २५ टक्क्यांनी आणि नॉर्थ कॅरोलायनात २३ टक्क्यांनी उतरलं होतं. दरम्यान, २००० साली आणखी एका अभ्यासानं दाखवून दिलं, की सोळा-सतरा वर्षांच्या चालकासोबत जितके सवंगडी जास्त, तितका त्याच्या मृत्यूचा धोका जास्त. आपल्या आजीला विचारलं असतं, तरी तिनं हेच सांगितलं असतं. पण आजीचं कायद्यात जात नाही, आकडे जातात.

आणि शिक्षणाचं काय? तेही पुन्हा मानानं परत आलं. २०१५ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दीड लाखावर कुमारवयीन चालकांची आठ वर्षांची नोंद तपासली. ज्यांनी रीतसर चालक शिक्षण घेतलं होतं, त्यांचे अपघात आणि नियमभंग, दोन्ही इतरांपेक्षा कमी निघाले. तिथं तोपर्यंत पायऱ्यांचं लायसन्स आलेलं होतं. डिकाबची हार आणि नेब्रास्काचं यश शेजारी ठेवून मी माझ्यापुरता अर्थ लावला तो असा : शिक्षण लायसन्सपर्यंत पोचायची आडवाट झालं, की घात करतं. तेच शिक्षण लांब वाटेवरची सोबत झालं, की जीव वाचवतं.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे कायदा नव्हता असं नाही. १९३९च्या मोटार वाहन कायद्यातही अठरा वर्षांखालच्या माणसानं सार्वजनिक जागी मोटार चालवू नये आणि वीस वर्षांखालच्यानं प्रवासी किंवा मालवाहू गाडी चालवू नये, असं लिहिलेलं होतं. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या १९८८च्या कायद्यानं हीच वयं ठेवली. पुढे त्या कायद्यात एक सवलत आली : पन्नास सीसीपर्यंत इंजिन असलेली दुचाकी सोळाव्या वर्षी चालवता येईल. तो लुनाचा जमाना होता. पुण्याची लुना १९७२ पासून रस्त्यावर होती, पन्नास सीसीची. तिचा वेग बेताचा आणि चढावर पायडल मारायची सोय. पण कायद्यानं पन्नास म्हटलं आणि बाजारानं पुढची गाडी आणली. आजच्या स्कूटर शंभर-सव्वाशे सीसीच्या आहेत. सोळा वर्षांचं पोर क्लासला घेऊन जातं ती गाडी सवलतीत बसत नाही, हे किती आईबापांना ठाऊक आहे?

१९८९च्या केंद्रीय नियमांत तर शिकवण्याची चांगली चौकट आहे. कच्चं लायसन्स, पांढऱ्या पाटीवर लाल 'एल', मोटार शिकणाऱ्याच्या शेजारी शिकवणारा, पक्क्या लायसन्सच्या चाचणीआधी किमान तीस दिवस. मोटार ट्रेनिंग स्कूलला वेगळा परवाना, शिकवणाऱ्याला किमान पाच वर्षांचा अनुभव, गाडीला दोघांसाठी ब्रेक आणि क्लच. अभ्यासक्रमही छापलेला आहे. पण मी स्वतः ज्या स्कूलमध्ये मोटार शिकलो, तिथल्या सरांनी मला वर्गात एकदाही बसवलं नाही. पंधरा दिवस रोज वीस मिनिटं. ब्रेक त्यांच्या पायाखाली आणि मी नुसता स्टिअरिंग धरून. सोळाव्या दिवशी चाचणी. गाडी पन्नास पावलं पुढे, पन्नास पावलं मागे, आणि मी चालक! असा अनुभव माझ्या एकट्याचा नसावा.

म्हणजे आपल्याकडेही डिकाबचीच गोष्ट झाली, फक्त सत्तर तास वगळून. पक्कं लायसन्स हाती आलं, की त्या संध्याकाळी अठरा वर्षांचा मुलगा चार मित्रांना घेऊन द्रुतगती मार्गावर जाऊ शकतो. मधली पायरी आपल्या कायद्यात नाही. हा दोष छोटा नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली १५,२२४ एकट्या महाराष्ट्रात. मेलेल्यांमध्ये जवळजवळ निम्मे दुचाकीवरचे. आणि आपल्याकडे पोर पहिल्यांदा रस्त्यावर येतं ते दुचाकीवरूनच.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. २०१९च्या दुरुस्तीनं कायद्यात १९९ अ हे कलम आणलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जाईल. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. त्यांत मोटारीसाठी चार आठवड्यांत एकोणतीस तासांचं शिक्षण आहे, त्यांतले एकवीस तास प्रत्यक्ष चालवण्याचे. ही पावलं चांगली आहेत. पण शिक्षा अपघातानंतर येते आणि शिक्षण लायसन्सच्या आधी संपतं. मधले पहिले सहा महिने, जेव्हा पोरगं सर्वांत जास्त धोक्यात असतं, तेव्हा त्याच्या शेजारी कुणीच नसतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आता जे सांगतो, ते बोलायला मला पुष्कळ वर्षं लागली. २००६ सालची गोष्ट. माझा भाचा सतरा वर्षांचा होता, बारावीला. त्याला दुचाकी हवी होती. बहीण नको म्हणत होती. मी मध्ये पडलो. "आजकाल सगळी पोरं चालवतात," म्हणालो. स्कूटर माझ्या नावावर होती, ती दिली. दोन रविवार कॉलेजच्या मैदानावर मीच त्याला शिकवलं. आठचा आकडा त्यानं पहिल्याच दिवशी पाय न टेकता काढला. मला कौतुक वाटलं. घरी येऊन अब्बांना सांगितलं, पोरगा हुशार आहे. अब्बा काही बोलले नाहीत.

डिसेंबर महिना. कारखान्यांचा गळीत हंगाम जोरात होता. कुणा मित्राचा वाढदिवस होता, म्हणून पोरं महामार्गाकडेच्या ढाब्यावर जेवायला गेली. परतताना रात्रीचे साडेअकरा झाले होते. ट्रिपल सीट. रस्त्याकडेला उसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता, लाल कापडही नव्हतं. भाच्याला ती दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. त्याचा पाय मोडला, आजही तो किंचित लंगडत चालतो. मधला मुलगा वाचला. मागे बसलेला आमच्याच गल्लीतला मुलगा, आईबापांचा एकुलता एक, दवाखान्यात पोचायच्या आत गेला.

दफन आटोपून आम्ही घरी आलो. रात्री अब्बांनी मला जवळ बसवलं. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "गाडी शिकवलीस. पण रात्री न्यायची नाही, मागं दोघं घ्यायचे नाहीत, हे शिकवलंस का? अंधारातला जास्त काळा अंधार दाखवलास का त्याला?"

मी त्याला आठचा आकडा शिकवला होता. त्या वेळच्या कायद्यात माझ्यासारख्या मामूला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. ती शिक्षाही मला झाली नाही. त्या मुलाची आई आजही बाजारात दिसली, की थांबून विचारपूस करते. माझी मान वर होत नाही.

पुढे कधीतरी न्यूझीलंडच्या त्या तीन पायऱ्यांविषयी वाचलं, तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. रात्र नको, सवंगडी नकोत, शेजारी जाणता माणूस हवा. त्या रात्री तिन्ही गोष्टी मोडल्या होत्या. आणि अब्बांच्या उस्तादानं त्या तिन्ही पाळल्या होत्या. तो चौथीही शिकलेला नव्हता. आमच्या उर्दू शायरीतही हीच रीत आहे. शागीर्द गझल लिहितो, उस्तादाला दाखवतो, उस्ताद एखादा शब्द बदलतो. वर्षानुवर्षं हे चालतं. मग एक दिवस उस्ताद कागद तसाच परत देतो. त्याआधी शागीर्दानं मुशायऱ्यात उभं राहायचं नाही. शायरीत घाई झाली तर एक शेर बिघडतो. रस्त्यावर काय बिघडतं, ते मी पाहिलं आहे.

कायद्यात मधली पायरी येईल तेव्हा येवो, ती यायला हवी यात शंका नाही. पण तोवर ही पायरी घरात बांधता येते, आणि त्याला खर्च नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत किल्ली नाही, मग शेजारच्याचा मुलगा कितीही चालवत असो. लायसन्स मिळाल्यावर पहिले सहा महिने फक्त दिवसा, फक्त गावात, मागे कुणी नाही. मोटार असेल तर शेजारी घरातलं मोठं माणूस, आणि ते माणूस मोबाइल बघत बसलेलं नको. रस्ता बघत, बोलत बसलेलं हवं. पोराला समोर काय दिसतंय ते मोठ्यानं बोलायला लावा. पहिल्या दिवशी त्याला फक्त गाड्या दिसतील. महिन्याभरानं उभ्या रिक्षामागून कुणी पाऊल टाकेल की काय, हेही दिसायला लागेल. मग रात्र. मग महामार्ग. हेल्मेट आणि पट्टा मात्र पहिल्या मिनिटापासून, आणि आधी आपल्या डोक्यावर, आपल्या खांद्यावर. पोरं आपलं ऐकत नाहीत, आपल्याला बघतात.

माझ्या मुलीनं यंदा लायसन्स काढलं. गेले चार महिने सकाळी मी तिच्या शेजारी बसतो आणि आम्ही पाटणच्या रस्त्याला जाऊन येतो. ती मोठ्यानं बोलत असते : बैल डावीकडे, एसटी थांबतेय, शाळेची पोरं. कंटाळली की चिडवते, "अब्बा, आता तुम्ही झोपा ना." आजोबांची गोष्ट तिला ठाऊक आहे. अजून मी झोपत नाही. पुढच्या महिन्यात कुंभार्ली घाट चढून बघायचा आहे, दिवसाउजेडी. उतरताना गाडी मीच घेणार आहे. उतरण्याची पाळी नंतर, आणि रात्रीची त्याच्याही नंतर.